माका, पिवळा माका आणि वेस्टमीडचा ओढा

गणपती आठ दिवसांवर आले की वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पॅरामॅटा या बाजूच्या मराठी घरांतून एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. माका कुठे मिळेल हो? दूर्वांची अडचण नसते. येथे ज्याला 'काउच' म्हणतात आणि ज्याची हिरवळ घरोघरी पुढच्या अंगणात राखलेली असते, ते गवत म्हणजे आपली दूर्वाच. जास्वंद कुणाच्या तरी कुंपणाशी सापडते, कण्हेरही सापडते. तुळस, थंडीने मरगळलेली का होईना, शेजारच्या मावशींच्या कुंडीत तग धरून असते. गाडे अडते ते माक्यापाशी.

आणि माक्याचा मान तर मोठा! एकवीस पत्रींत सुमुख या नावाने मालती वाहिली की लगेच गणाधिप या नावाने भृंगराज, म्हणजे माका, वाहायचा असतो. बेलाची पाळी त्याच्यानंतर. पूजेला नुकते कुठे बसलेले यजमान दुसऱ्याच पानाला अडखळतात, गुरुजी मोठ्या मनाने 'अक्षता वाहा' म्हणतात आणि पूजा पुढे सरकते. गणपती हा लाडका देव आहे, त्याच्याकडे सवलत मागायला कुणाला संकोच वाटत नाही.

पण गणपतीपाठोपाठ पितृपक्ष येतो आणि तोच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला जातो. श्राद्धात पिंडांवर तुळशीबरोबर माका वाहण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. ज्याला वडिलांच्या अखेरच्या दिवसांत विमानाचे तिकीट वेळेवर मिळाले नाही, तो मुलगा त्या दिवशी अक्षतांवर सहजासहजी समाधान मानत नाही. तो सकाळी उठून ओढ्याकाठी जातो आणि जे माक्यासारखे दिसेल ते घेऊन येतो. बहुधा ते पिवळ्या फुलाचे असते. 'पांढरा नाही मिळाला, पण पिवळा माका मिळाला,' असे समाधानाने सांगणारी माणसे आम्हाला गेल्या काही वर्षांत भेटली आहेत, आणि तशी छायाचित्रेही एकमेकांना पाठवली जातात. ती पाहूनच हा लेख लिहावा असे वाटले. कारण त्या छायाचित्रांतले एकही झाड माका नव्हते, आणि एक तर असे होते की ते घरात आणू नये.

ओढ्याकाठी शोधावे असे कुणालाही वाटावे, अशीच ही जागा आहे. वेस्टमीड या नावातला 'मीड' म्हणजे कुरण. पॅरामॅटाच्या सरकारी डोमेनची जी जमीन होती तिचे १८५९ साली भाग पाडले गेले. त्यात पश्चिमेचे कुरण ते वेस्टमीड आणि उत्तरेचे ते नॉर्थमीड. आज तेथे १९७८ साली उघडलेले मोठे रुग्णालय आहे, उंच इमारती आहेत, गाडी उभी करायला जागा नाही. पण वस्तीच्या उत्तरेला टूंगॅबी क्रीक अजून वाहतो, आणि पुढे डार्लिंग मिल्स क्रीक त्याला येऊन मिळाला की दोघांची मिळून पॅरामॅटा नदी होते. म्हणजे आपण नदीच्या उगमाशी राहतो. हे किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. दारुग भाषेतल्या बुरामॅटा या नावाचा संबंध वाम माशांशी जोडतात. वाम जेथे विसावतात ती जागा, असा अर्थ सांगितला जातो. एकूण, पाण्याची, चिखलाची, गवताची ही भूमी. माका उगवावा तर येथेच, असे कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

आता मुळात माका म्हणजे कोण, हे नीट पाहू. ज्यांचे बालपण गावात गेले त्यांना सांगायला नको. भातखाचराच्या बांधावर, विहिरीच्या सांडपाण्यापाशी, मोरीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला वीतभर उंचीचे हे झाड उगवते. पाने समोरासमोर जोडीने येतात, लांबट, हाताला खरखरीत. फूल पांढरे, शर्टाच्या बटणाएवढे. सगळ्यात पक्की खूण म्हणजे खोड किंवा पान बोटांत चुरडले की थोड्या वेळात रस काळपट होतो. याच रसात भिजवलेली वात वाळवून जाळायची आणि तिचे काजळ धरायचे, हे आमच्या आजीच्या पिढीच्या बायकांना शिकवावे लागत नसे. गोंदण करणाऱ्या बायकाही हाच रस वापरीत. तेलात माका उकळला की केसांचे तेल होते. ते दुकानात भृंगराज तेल म्हणून मिळते आणि येथे हॅरिस पार्कच्या फळीवरही दिसते. संस्कृतात याला मार्कव म्हणतात, त्यावरून आपला माका. आणि भुंग्यासारखे काळे केस करणारा म्हणून भृंगराज.

वनस्पतिशास्त्रात त्याला एक्लिप्टा प्रोस्ट्राटा म्हणतात. ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतेच. अनेक इवली फुले एका ताटलीवर दाटीवाटीने बसलेली असतात, आणि कडेच्या पंगतीतली एकेक पाकळी म्हणजे स्वतंत्र फूलच. झेंडू, शेवंती, सूर्यफूल सगळ्यांचा कारभार असाच. कुळातल्या पुष्कळ वनस्पतींच्या बियांना कापसासारख्या केसांची छत्री असते आणि त्या वाऱ्यावर उडतात. माक्याच्या बीला अशी छत्री नाही. 'उणे असणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एक्लिप्टा हे नाव पडले ते या उणिवेमुळेच, असे सांगतात. ग्रहणाला इंग्रजीत जो शब्द आहे तोही त्याच धातूचा. छत्री नसल्यामुळे माक्याचे बी खाली चिखलात पडते, पाण्याबरोबर वाहते, बदकाच्या पायाला चिकटून दुसऱ्या डबक्यात जाते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

'पिवळा माका' ही कल्पना कुणाच्या मनातून निघालेली नाही. जुन्या निघंटूंत पांढरा, पिवळा आणि निळा असे तीन भृंगराज सांगितले आहेत. निळा कोणता यावर वैद्यांचे आजही एकमत नाही. पिवळा मात्र बहुतेकांनी ओळखलेला आहे. कोकणात, गोव्यात ओलसर बांधांवर, पाटाच्या काठाने जमिनीलगत पसरणारी, शुद्ध पिवळ्या फुलांची जी वनस्पती आहे, ती. ती माक्याप्रमाणे एका हंगामात संपत नाही. सांध्यासांध्याला मुळे फोडीत वर्षानुवर्षे पसरते. पूर्वी तिला वेडेलिया म्हणत, येना येथील वेडेल नावाच्या जर्मन वैद्याच्या नावावरून. आता तिचे नाव स्फॅग्नेटिकोला झाले आहे. त्याचा अर्थच दलदलीत राहणारी. नाव बदलले तरी जुन्या नावाची एक आठवण रसायनशास्त्रात टिकून आहे. १९५६ साली मद्रासमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिवळ्या माक्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला वेडेलोलॅक्टोन हे नाव दिले. तेच द्रव्य पुढे पांढऱ्या माक्यातही सापडले. वैद्यांनी केवळ रूप आणि गुण पाहून ज्यांना एका नावाखाली बसवले होते, त्या दोन वेगळ्या वनस्पतींत प्रयोगशाळेला एकच द्रव्य मिळावे, हे आम्हाला विलक्षण वाटते. म्हणून निघंटूतले सगळेच खरे, असे मात्र कुणी समजू नये.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. वेस्टमीडमध्ये भाद्रपदात माका का सापडत नाही?

उत्तर सरळ आहे आणि तरी ते पटकन सुचत नाही. माका उन्हाळी पावसाचे, ऊबदार चिखलाचे झाड आहे. महाराष्ट्रात मृगात पाऊस पडला की तो उगवतो आणि भाद्रपदात ऐन भरात असतो. एकवीस पत्रींची यादी कुणी केली हे सांगता येणार नाही, पण ज्याने केली त्याने घराबाहेर पडून, भाद्रपदात दाराशी, बांधावर, रानाच्या कडेला काय उगवलेले आहे ते पाहून केली असावी असे आमचे मत आहे. आघाडा, दूर्वा, माका, धोतरा, डोरली, विष्णुक्रांता! यांतले पुष्कळसे त्या दिवसांत तेथे पायाखाली येणारे. ही यादी म्हणजे आपल्या पावसाळ्याचे पंचांगच आहे. येथे मात्र पंचांग उलटे. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला. ऑगस्टअखेर म्हणजे सिडनीचा हिवाळा सरत आलेला; वेस्टमीडला पहाटे कुडकुडायला होते. माक्याचे बी या वेळी जमिनीत निजलेले असते. ते जागे व्हायचे तर नोव्हेंबर-डिसेंबर उजाडावा लागतो.

याचा अर्थ माका या देशात नाही असा नव्हे. पांढरा माका क्वीन्सलंडमध्ये आणि न्यू साउथ वेल्सच्या किनारी भागात ओल्या जागी आढळतो. तो फुलतो मात्र येथल्या उन्हाळ्यात, आपल्या पौष-माघाच्या सुमारास. म्हणजे माघी गणेश जयंतीला तो हजर राहील, पण भाद्रपदातल्या गणपतीला नाही.

मग भाद्रपदात ओढ्याकाठी पिवळे काय फुललेले असते? त्या दिवसांत येथे पिवळ्याचा नुसता सुकाळ असतो, आणि बहुतेक मंडळी सूर्यफुलाच्याच कुळातली. पहिली केपवीड. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातून आलेली, एका हंगामाची. पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली, खालून पांढरी लोकरी, आणि पिवळ्या फुलाचा मध्य काळपट. तिचा माक्याशी काही संबंध नाही, आणि पानावरून हे लहान मूलही ओळखेल.

दुसरी सिंगापूर डेझी. हिने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. ती आपल्या पिवळ्या माक्याची सख्खी बहीण, एकाच प्रजातीतली, पण मूळची उष्ण अमेरिकेतली. पान तीन भागांत कातरलेले, चकचकीत. पुण्यामुंबईच्या बागांत, रस्त्यांच्या दुभाजकांवर हीच लावलेली असते आणि तेथेही लोक हिला पिवळा माका समजून तोडतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या बाजूला ती इतकी माजली आहे की खाली दुसरे काही उगवू देत नाही. ब्रिस्बेनहून येणाऱ्या कुणी पाहुण्याने फांदी आणली तर नम्रपणे नको म्हणावे.

खाली, जेथे भरतीचे खारे पाणी चिखलात शिरते तेथे, आणखी एक दिसते. पाकळ्या नाहीतच, पिवळीधमक पितळी बटणे टाचून ठेवावीत तशी फुले आणि मांसल पाने. येथे तिला वॉटर बटन्स म्हणतात. हीही दक्षिण आफ्रिकेची. ती पाहून आम्हाला आपल्याकडची माशीपत्री आठवते. तळ्याचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या चिखलावर तीही अशीच बिनपाकळ्यांची पिवळी बटणे घेऊन पसरते. दोघींचे राहणे सारखे, पण माका दोघींपैकी कुणीच नव्हे.

चौथी महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच एवढे लिहीत आहोत. तिचे नाव फायरवीड. शास्त्रीय नावात मादागास्करचा उल्लेख आहे, पण ती आली दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने. ऑस्ट्रेलियात तिची पहिली नोंद १९१८ सालची, हंटर खोऱ्यातली. तेथून ती किनाऱ्याने वर क्वीन्सलंडपर्यंत आणि खाली दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या बेगा खोऱ्यापर्यंत पसरली. सिडनीच्या पश्चिमेला, हॉक्सबरीच्या बाजूला घोड्यांच्या कुरणांतून ती हिवाळ्यात आणि वसंतात पिवळी चादर घालते. २०१२ साली राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत तिचे नाव घातले गेले.

दिसायला ती फार देखणी आहे आणि मराठी माणसाचा जीव तिच्यावर चटकन जडतो, त्याला कारण आहे. सह्याद्रीच्या पठारांवर, कासला, महाबळेश्वरला, गडांच्या माथ्यावर पावसाळा सरताना जी सोनकी फुलते, तिची ही चुलत बहीण. दोघींची प्रजाती एक, सेनेसिओ. तोच पिवळा रंग, तीच उंची, वाऱ्यावर तेच डोलणे. भाद्रपदाच्या दिवसांत रिचमंडकडे गाडीने जाताना पिवळे कुरण दिसले आणि मागच्या सीटवरच्या आजीच्या तोंडून 'अगंबाई, सोनकी' निघाले, तर ती काही फार चुकली असे म्हणता येणार नाही.

पण फायरवीड विषारी आहे. तिच्यातले अल्कलॉइड यकृताचा नाश करतात. गाई आणि घोडे ती खाऊन हळूहळू खंगतात, आणि लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शेळ्यामेंढ्या बऱ्यापैकी सोसतात, म्हणून काही शेतकरी कुरण साफ करायला मेंढ्या सोडतात. आता योगायोग पाहा. आयुर्वेदात माका कशासाठी नावाजलेला? केसांसाठी, आणि यकृतासाठी. कावीळ झाली की माक्याचा रस द्यायचा, ही आपल्याकडची घरगुती रीत. ज्या घरी माका म्हणून फायरवीड आली, त्या घरी यकृताच्या औषधाच्या नावाने यकृताचेच विष आले!

'आम्ही फक्त देवाला वाहतो, खात नाही,' असे कुणी म्हणेल. ते खरे असेल. पण घरात एकदा माका आला की तो देवापाशी थांबत नाही, हे आपण सगळे जाणतो. उरलेला आजी तेलात टाकते. कुणाच्या तरी बाळाला सर्दी झालेली असते आणि माक्याच्या रसाचे दोन थेंब मधातून चाटवायची आपली जुनी रीत कुणाला तरी आठवते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात, कारण मधातल्या काही जंतूंपासून तान्ह्या मुलांना गंभीर आजार होऊ शकतो. म्हणजे रस खऱ्या माक्याचा असता तरीही ही रीत सोडायलाच हवी होती; त्यातून वनस्पतीच चुकीची असली तर काय बोलावे! मुलांचे एवढे मोठे रुग्णालय आपल्या वस्तीत आहे. सर्दीला तेथले किंवा कोपऱ्यावरचे डॉक्टर पुरेसे आहेत.

ओळखायचे कसे, ते सांगतो. माक्याची पाने समोरासमोर, जोडीने. फायरवीडची एकाआड एक. माका खरखरीत, फायरवीड गुळगुळीत आणि चमकदार. माक्याच्या बीला छत्री नाही, फायरवीडच्या बीला पांढऱ्या केसांची छत्री आहे आणि जुनी फुले म्हाताऱ्यांसारखी पांढरी होऊन उडत असतात. फायरवीडच्या पाकळ्या साधारण तेरा असतात. फूल उलटे करून खालची हिरवी वाटी पाहिली तर तिला वीस-एकवीस उभ्या चिरफळ्या दिसतात. येथली देशी सेनेसिओ फायरवीडसारखीच दिसते, पण तिच्या वाटीला चिरफळ्या कमी, तेराच्या आसपास असतात. बाळगोपाळांना मोजायला द्यावे, त्यांना हे काम फार आवडते. मोजून झाल्यावर हात धुवावेत.

निर्माल्याविषयीही सांगितले पाहिजे. फायरवीडचे फूल तोडल्यावरही त्यातले बी पिकू शकते. एकेक झाड हजारो बिया देते आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. देवावरचे निर्माल्य आपण भक्तिभावाने बागेतल्या खतात टाकतो, काही जण ओढ्याला अर्पण करतात. फुललेली फायरवीड त्यात असली तर तिची पेरणीच झाली म्हणायची. अशी फुले पिशवीत बांधून कचऱ्याच्या लाल झाकणाच्या डब्यात टाकावीत. देव रागावणार नाही.

येथे एक विषयांतर. मागे एका हळदीकुंकवाला ही चर्चा निघाली तेव्हा एक हजरजबाबी गृहस्थ म्हणाले, 'अहो, बाहेरून येऊन येथे रुजलेले म्हणून त्या झाडाला तण म्हणता, मग आपण कोण?' सगळे हसले, आम्हीही हसलो. पण हा विनोद आम्हाला पटत नाही, आणि वरचेवर ऐकून तर मुळीच पटत नाही. कोणती वनस्पती कुठून आली यावरून ती तण ठरत नाही. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. त्याला कुणी तण म्हटले आहे काय? लॅन्टाना, म्हणजे आपली घाणेरी, हीसुद्धा अमेरिकेतलीच. तिने सह्याद्रीच्या उतारांवर जे केले तेच ती येथल्या ओढ्यांच्या काठांवर करते आहे. ती काय करते यावरून तिला तण म्हणतात. माणसांच्या स्थलांतराला ही उपमा लावायची हौस या देशातल्या दुसऱ्याच काही लोकांना आहे. त्यांच्या हातात आपण होऊन ती कशाला द्यावी?

असो. आता खरा आनंदाचा भाग.

या देशाचा स्वतःचा पिवळा माका आहे. निघंटूतला पिवळा माका वेगळ्या प्रजातीचा, हे वर आलेच. पण ऑस्ट्रेलियात एक्लिप्टाचीच, म्हणजे पांढऱ्या माक्याच्याच प्रजातीतली, एक देशी वनस्पती आहे आणि तिचे फूल पिवळे आहे. तिला नाव दिले फर्डिनांड फॉन म्युलर यांनी. जर्मनीतून येऊन १८५३ साली व्हिक्टोरियाचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झालेले आणि या खंडातल्या असंख्य झाडांचे बारसे केलेले हे गृहस्थ. त्यांनी तिला एक्लिप्टा प्लॅटिग्लॉसा म्हटले. प्लॅटिग्लॉसा म्हणजे रुंद जिभेची. कडेच्या पाकळ्या पांढऱ्या माक्यापेक्षा रुंद असतात म्हणून. इंग्रजीत तिला यलो ट्विन-हेड्स म्हणतात, कारण फुले बहुधा जोडीने येतात. पाने माक्यासारखी समोरासमोर, अंगावर तशीच लव, आणि बीला छत्री नाही.

ती राहते कुठे? मरे आणि डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत. पूर येतो, करड्या चिकणमातीवर पाणी आठवडेच्या आठवडे उभे राहते, मग ओसरते आणि माती भेगाळू लागायच्या आत ही उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होते. कधी एका हंगामात संपते, कधी ओल टिकली तर आणखी थोडी जगते. जिच्या बीला उडता येत नाही तिचे सगळे भवितव्य पुराच्या पाण्यावर. त्या नद्यांवर धरणे झाली, कापसाला आणि भाताला पाणी वळले, आणि पूर पूर्वीसारखे मैदानभर पसरेनासे झाले. म्हणून गेली काही वर्षे तेथे पाणथळींसाठी मुद्दाम धरणांतून पाणी सोडतात. त्याचा हिशेब ठेवला जातो, त्यावर शेतकऱ्यांत आणि सरकारात कडाक्याचे वाद होतात. कुणाच्या वाट्याचे पाणी कुणाला, हा वाद कृष्णा-कोयनेकाठच्या माणसाला नव्याने समजावून सांगायला नको. त्या वादात या एवढ्याशा पिवळ्या फुलाचे नाव कुणी घेत नाही. पण ते पाणी पसरले तर ते उगवते, नाही पसरले तर नाही.

ही वनस्पती देवाला चालेल का, असे आम्हाला एकाने विचारले. आम्ही काही धर्मशास्त्री नव्हे, पण आमचे मत विचाराल तर ती तोडू नये. राष्ट्रीय उद्यानांतून देशी वनस्पती तोडणे कायद्यानेच मना आहे, आणि अन्यत्रही जी पाणथळीच्या आधाराने कशीबशी टिकून आहे, तिचे पान गणाधिपाला हवेच असेल असे वाटत नाही. मरेच्या बाजूला सहलीला गेलात, उन्हाळ्याआधी पूर येऊन गेलेला असला, तर खाली वाकून पाहावे. एवढे पुष्कळ झाले.

मग पितरांच्या पिंडावर काय वाहायचे? त्याला साधा उपाय आहे, थोडी आधीपासून तयारी मात्र हवी. भारतातून बी आणायचा मोह धरू नये. ओळखीच्या वाण्याने पुडीत बांधून दिलेले बीसुद्धा विमानतळावर जाहीर करावे लागते. लपवले आणि सापडले तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो, आणि बी जप्त होते ते निराळेच. त्यापेक्षा येथल्याच औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत भृंगराज किंवा एक्लिप्टा या नावाने चौकशी करावी. रोप आणल्यावर फुलाचा रंग पाहावा. पांढरे असले आणि पान चुरडून बोट काळे झाले तर समजावे, घरचा माणूस भेटला. ओढ्याकाठी सापडले तरी तेथले घेऊ नये. रस्त्यावरचे, गाड्यांच्या तेलाचे सगळे पाणी पावसात त्या ओढ्यात उतरते.

कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात सतत पाणी असू द्यावे. माक्याला पाय ओले लागतात. नोव्हेंबरात लावला तर फेब्रुवारीत कुंडी भरते. एप्रिल संपायच्या आत तीन-चार फांद्या कापून पाण्यात ठेवाव्यात, सांध्यांना आठवडाभरात मुळे फुटतात. त्या लहान कुंड्यांत लावून स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवाव्यात. या गोलार्धात हिवाळ्याचे ऊन उत्तरेकडून येते, हे नव्याने आलेल्यांनी विसरू नये. वाढणार नाहीत, पण जगतील. शेजारच्या मराठी घरी एक कुंडी द्यावी, म्हणजे एकीकडची गेली तर दुसरीकडची असेल. भाद्रपदात त्यांवर पाच-सहा पाने असली तरी चतुर्थीला एक आणि श्राद्धाच्या दिवशी दोन निघतात.